पोराच्या खांद्याला बसणारी बंदूक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील गाळलेत. मजकूर थोडक्यात असा:

गाव जंगलाला लागून. घरची शेती, त्यात भात, थोडा ऊस, बांधावर काजू. मुलगा नववीत, 14 पूर्ण. नेम असा की यात्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवाला त्याच्या हातात दुसऱ्यांदा बंदूक देत नाही. आजोबा 78 वर्षांचे. पिकाच्या राखणीसाठी काढलेल्या परवान्यावर त्यांच्या नावाची बारा बोअरची डबल बारी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, घरात आहे. शिमग्याला गावची शिकार निघते, तेव्हा नातवानं स्वतःची बंदूक घेऊन आपल्या शेजारी उभं राहावं, एवढीच इच्छा उरलीय, असं ते येता-जाता बोलून दाखवतात. मेहुण्याचा सल्ला, "पॉइंट टू टू घ्या, वर दुर्बीण बसवू, हलकी असते, पोराला झेपंल. लायसनचं मागनं बघू की." बायकोचा साफ विरोध. रानडुकरं दरवर्षी कापणीच्या तोंडावर भात लोळवून जातात, तेव्हा बंदूक कामालाही येईल, असा वाचकाचा हिशेब. घरात 11 वर्षांची मुलगीही आहे. पत्रात तिचा उल्लेख एका ओळीचा. प्रश्न: मुलाला शिकारीसाठी पहिली रायफल कुठली घ्यावी?

नमस्कार.

कुठली रायफल याचं उत्तर मी देणार आहे. वजन, लांबी, कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, सगळं सांगेन. पण "शिकारीसाठी" एवढं तुमच्या प्रश्नातून आधी काढावं लागेल. ते ठेवलं तर कुठलीच बंदूक बरोबर ठरत नाही, मग ती कितीही महाग घ्या.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. तुमच्या वडिलांचं वय बघता तेव्हा ते पंचविशीच्या आसपास असणार. म्हणजे त्यांनी तरुणपणी जी शिकार पाहिली, शिकली, ती वेगळ्या काळातली होती आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नाही. नातवाच्या वाट्याला तो काळ येणार नाही. डुक्कर, ससा, भेकर, सांबर, मोर, तित्तर, तुमच्या रानात पायाखाली येणारं जवळजवळ प्रत्येक जनावर आणि पाखरू या कायद्याच्या यादीत आहे. ससा लहान म्हणून चालतो, डुक्कर नुकसान करतं म्हणून चालतं, असं गावात सर्रास बोललं जातं. कायद्यात तसं काही नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही, जनावर हाकून काढणंही येतं आणि मारायचा प्रयत्नही येतो. शिमग्याला जी पोरं डबे बडवत हाका घालतात, तीही त्यात आली. 2022 च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जनावर पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं असेल किंवा जागा अभयारण्याच्या हद्दीतली असेल, तर कैद किमान 3 वर्षं आणि 7 वर्षांपर्यंत. भीमगड अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. त्याची हद्द कुठं सुरू होते हे रात्री रानात कुणाला दिसतं?

पूर्वी हे गावातल्या गावात राहायचं. आता मेलेल्या सशाचा फोटो तासाभरात स्टेटसला लागतो आणि संध्याकाळपर्यंत वनखात्याच्या फोनवर पोचतो. चौदा वर्षांच्या पोरानं हौसेनं लावलेला एक फोटो, आणि बंदुकीचा परवाना आजोबांच्या नावाचा. चौकशीला कुणाला बोलावतील, हे मी सांगायला नको.

आता मेहुण्याची पॉइंट टू टू. हे नाव दोन वेगळ्या वस्तूंना लावतात आणि तिथंच लोक फसतात. एक खरी रायफल, काडतुसाची. तिची गोळी अडीच-तीन ग्रॅमची, पण मोकळ्या माळावर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तिला परवाना लागतो आणि 21 वर्षांखालच्या माणसाला ती बाळगता येत नाही. "लायसन मागनं बघू" हा प्रकार शस्त्र कायद्यात नाही. विनापरवाना रायफल घरात सापडली तर तुरुंगाचंच काम. दुसरी वस्तू म्हणजे 5.5 मिलिमीटरची छऱ्याची बंदूक, एअरगन. तिलाही पॉइंट टू टूच म्हणतात. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे छर्रा 4.5 मिलिमीटरहून जाड असेल, किंवा बंदुकीची ताकद 20 जूलच्या वर असेल, तर एअरगनलाही परवाना लागतो. म्हणजे मेहुण्यांच्या मनात यातली कुठलीही असो, विनापरवान्याची ती नाहीच. "एअरगन आहे, काही लागत नाही" असं दुकानदार म्हणाला, तर कॅलिबर आणि जूलचा आकडा बिलावर लिहून मागा. बरेच जण तिथं गप्प होतात.

आणि क्षणभर कायदा बाजूला ठेवू. पॉइंट टू टू डुकरावर चालवायची वस्तूच नाही. डुकराच्या खांद्याची कातडी जाड, खाली चरबी, चिखलाचा थर वेगळा. हलकी गोळी आत जाते, जनावर पडत नाही. जखमी डुक्कर कुठल्या बाजूनं येईल याचा नेम नसतो, आणि रान मारताना समोर फक्त डुक्कर नसतं, पलीकडून हाका घालत येणारी गावातलीच पोरं असतात. झुडूप हललं म्हणून गोळी सुटते आणि पलीकडं माणूस असतो, अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी कुठून ना कुठून वाचायला मिळतात. वहिनींचा विरोध तुम्ही "बायकांचं काय ते" अशा सुरात लिहिलाय. मला तर पूर्ण पत्रात तेवढीच एक गोष्ट नीट विचार केलेली वाटली.

डुकरांचा त्रास खरा आहे, तो मी हलक्यात घेत नाही. पोटरीला आलेलं भात एका रात्रीत लोळलं की वर्षाचं गणित बसत नाही. पण तो प्रश्न नववीतल्या पोराच्या खांद्यावर का टाकायचा? नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, जनावराचे ठसे दिसतील असे काढा, उतारा जोडा आणि वनखात्याच्या रेंज ऑफिसात भरपाईचा अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहायचा असेल तर गावात लिहून देणारं कुणीतरी असतंच. भाषेच्या रागापायी हक्काचे पैसे सोडू नका. सौर कुंपणाला अनुदान आहे का, ते तिथंच विचारा. सौर कुंपण झटका देतं, तोही थांबून थांबून. खांबावरची लाइन तारेत सोडली तर ती सोडत नाही. त्यात डुक्कर मरतं, शेजाऱ्याची म्हैस मरते आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो. ते कुणीही सुचवलं तरी ऐकू नका. पिकाला धोका असेल तर डुक्कर मारायला मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. पण ती परवानगी कागदावरची असते, अटींची असते, आणि शिमग्याच्या शिकारीशी तिचा काही संबंध नसतो.

हे सगळं बाजूला काढल्यावर खाली एक चांगली गोष्ट शिल्लक राहते. तुमच्या मुलाचा नेम.

यात्रेतली बंदूक तुम्ही कधी जवळून बघितलीय? नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, बहुतेक वेळा वाकडी असते. कधी घासून, कधी पडून, कधी मालकानंच वाकवलेली. सरळ नेम धरला की छर्रा फुग्याच्या बाजूनं जातो. साधा माणूस दहा छरे घालवतो, बंदुकीला शिव्या देतो आणि निघतो. तुमचा मुलगा पहिले एक-दोन छरे चुकवत असेल, मग नेम वीतभर बाजूला सरकवून धडाधड फुगे फोडत असेल. पुढच्या वेळी नुसतं निरखून बघा. तसं असेल तर त्याचा हात स्थिर आहे एवढंच नाही, छर्रा कुठं गेला ते वाचून पुढचा नेम दुरुस्त करायचं डोकं त्याला आहे. शूटिंग रेंजवर पोरांना हेच शिकवायला महिने लागतात.

अशा मुलाला डुकरामागं पाठवणं म्हणजे त्याच्या कसबाचा सगळ्यात ढोबळ वापर. दहा मीटर एअर रायफलचं टार्गेट हातात घेऊन बघा. अख्खं वर्तुळ साडेचार सेंटिमीटरचं, मधला काळा भाग तीन सेंटिमीटरचा, आणि दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. पेनाचं टोक टेकवल्यावर उमटेल एवढा. दहा मीटरवरून, उभं राहून, कशाचाही टेकू न घेता तो उडवायचा, आणि मोठ्यांच्या स्पर्धेत असे 60 बार, सव्वा तासात. 2008 साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं ऑलिंपिकचं सुवर्ण याच प्रकारात घेतलं. आपल्याकडून दोन-अडीच तासांवर कोल्हापूर आहे. तिथल्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, पिस्तुलातल्या राही सरनोबतही तिथल्याच. आणि 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. राधानगरी म्हणजे गव्यांचं अभयारण्य; तुमच्यासारखाच रानाकडेचा तालुका. त्याचा प्रकार 50 मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. त्यात रायफल असते ती काडतुसाची पॉइंट टू टू. मेहुण्यांना सांगा, तुमची पॉइंट टू टू तिथं शोभते.

ही नावं मी ऑलिंपिकची स्वप्नं विकायला घेतली नाहीत. शंभरातली पंचाण्णव पोरं जिल्हा-राज्याच्या पुढं जात नाहीत, आणि त्यात वाईट काही नाही. पण गावात, नात्यात, पारावर "शिकार नाही मग काय छऱ्यानं चिमण्या मारणार?" असं कुणी विचारलं, तर हातात उत्तर असावं. चिमण्या मारायच्या नाहीत, हे मुलालाही पहिल्याच दिवशी बजावा. विनापरवान्याच्या एअरगननं बुलबुल किंवा होला पाडला तरी तो गुन्हाच.

आता बंदूक. पहिला सल्ला: सहा महिने काहीच विकत घेऊ नका.

हे ऐकायला आवडत नाही, माहीत आहे. पण मुलगा 14 चा आहे. येत्या वर्षात त्याची उंची वाढेल, हात लांब होतील, खांदे रुंदावतील. आज बसणारी बंदूक पुढच्या शिमग्याला आखूड पडेल. आधी बेळगाव, धारवाड, कोल्हापूर यातली जी रेंज जायला सोपी पडेल ती शोधा आणि तिथल्या बंदुकीवर त्याला सुरुवात करू द्या. पहिल्या दिवशी कोच काय करतो ते बारकाईनं बघा. आल्या आल्या छरे देऊन "मार" म्हणाला, तर दुसरी रेंज बघा. आधी बंदूक रिकामी आहे हे कसं तपासायचं, नळीचं तोंड कायम कुठं ठेवायचं, चापावर बोट कधी जातं, कुणी लायनीच्या पुढं गेलं की सगळ्यांनी बंदुका खाली कशा ठेवायच्या, हे घोकून घेणारा कोच चांगला. पोरांना कंटाळा येतो, येऊ दे. फी, छऱ्यांचा खर्च, आठवड्यातून किती वेळा रेंज उघडी, हेही लाजत न बसता विचारा. मुलाच्या शाळेत एनसीसी असेल तर तिथंही नाव घाला. कॅडेटना पॉइंट टू टूचा सराव मिळतो, उस्तादाच्या नजरेखाली आणि फुकट. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असलेल्या बेळगावच्या माणसाला शिस्तीत बंदूक धरणं म्हणजे काय, हे मी वेगळं समजवायला नको.

सहा महिन्यांनी मुलगा स्वतःहून सकाळी उठून रेंजला निघत असेल, तर खरेदीचं बघा. घ्यायची ती 4.5 मिलिमीटरची, 20 जूलच्या आतली एअर रायफल. मॅच रायफलची ताकद तर साडेसात जूलच्या आसपासच असते. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला ती पुरून उरते. दुकानात "हिची पॉवर बघा" म्हणून दाखवतील ती बाजूला ठेवा. ताकद जास्त म्हणजे धक्का जास्त, आणि धक्का जास्त म्हणजे पोर डोळे मिटायला शिकतं.

स्प्रिंगची, नळी मोडून ताणायची बंदूक काही हजारांत मिळते. फायदा असा की पंप नको, सिलिंडर नको, गावात बसून सराव होतो. तोटा असा की आतलं पिस्टन सुटताना बंदूक आधी मागं, मग पुढं अशी उसळते आणि रोज जरा वेगळी धरली तर छर्रा रोज जरा वेगळा जातो. छर्रा न भरता तिचा चाप ओढू नये, स्प्रिंग आणि सील खराब होतात. सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी दुसरी, तिला पीसीपी म्हणतात. धक्का जवळजवळ नाही, चाप हलका, स्पर्धेत सगळे हीच वापरतात. वाल्थर, फाइनवर्कबाऊ या जर्मन, स्टायर ऑस्ट्रियाची. नवी घेतली तर लाखाच्या बऱ्याच वर जाते. भारतात बनलेल्या स्वस्त पडतात आणि सुरुवातीला पुरतात. पीसीपी घेण्याआधी एकच विचारा, हवा कुठं भरून मिळणार? रेंजवर मिळत असेल तर ठीक. नाहीतर हातपंपानं 200 बारचा दाब भरताना घाम निघतो, आणि आठवड्याभरात बंदूक कपाटावर जाते.

जुनी मिळत असेल तर जरूर घ्या. रेंजवर मोठी झालेली पोरं आपल्या बंदुका विकतात आणि त्या चांगल्या राखलेल्या असतात. फक्त सिलिंडरवर ठोकलेली तारीख वाचा. बनवणारे साधारण दहा वर्षांची मुदत देतात. ती उलटली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

माप घ्यायला मुलाला बरोबर न्या, त्याच्या मागं सरप्राइज म्हणून आणू नका. बंदूक रिकामी करून बट, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, कोपराच्या आतल्या घडीत टेकवायचा, हात काटकोनात, आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचायला हवं. ओढून-ताणून पोचत असेल तर बंदूक लांब. बोट चापाच्या पलीकडं जात असेल तर आखूड. मग खांद्याला लावायला सांगा आणि समोरून नाही, बाजूनं बघा. बट खांद्यात बसला की गाल आपोआप लाकडावर यावा आणि डोळा माशीच्या रेषेत. मान पुढं काढून गाल शोधावा लागत असेल तर ती बंदूक त्याची नाही. पाच मिनिटं तशीच धरायला लावा. पोर कमरेतून मागं झुकायला लागलं तर वजन जास्त झालं. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत चालते, पण चौदाच्या पोराला तीन-साडेतीन किलो पुष्कळ. बट मागं-पुढं आणि गालाची पट्टी वर-खाली करता येईल अशीच घ्या, म्हणजे पोर वाढलं तरी बंदूक दोन-तीन वर्षं पुरते.

त्याआधी डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून बोटांचा त्रिकोण करायला सांगा, त्यातून लांबची एक खूण बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना खूण त्रिकोणात राहते तो नेमाचा डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर घाबरू नका, पण कोचला पहिल्याच दिवशी सांगा. अशी पोरं वर्षभर चुकीच्या डोळ्यानं झटतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दुर्बीण विसरा. दहा मीटरच्या स्पर्धेत ती चालतच नाही. सुरुवात ओपन साइटनं, म्हणजे साधी माशी आणि खाच. आपल्याकडे शालेय पातळीवर त्याचेही वेगळे सामने असतात. ते जमलं की पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघून धरायचा नेम. शूटिंगचं जाकीट, पँट, बूट हा खर्च पहिल्या वर्षी नको. छरे मात्र चांगले, चपट्या तोंडाचे घ्या, आणि ते शिशाचे असतात म्हणून हात धुतल्याशिवाय पोरानं जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

एक बारीक गोष्ट, पण आपल्या भागात महत्त्वाची. सराव कोल्हापुरात केला तरी शाळेचा दाखला आणि आधार कर्नाटकातलं आहे, तेव्हा राज्य स्पर्धेसाठी नाव कर्नाटकाकडूनच नोंदवणं सरळ पडेल. यावरून घरात सीमाप्रश्न काढू नका. छऱ्याला त्यातलं काही कळत नाही.

घरात बंदूक आली की कुलपात, छरे वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या वहिनींकडं. हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नाही. किल्ली अशा माणसाकडं असावी ज्याला बंदुकीचा मोह नाही. घरी सराव करायचा तर मागं मातीचा ढीग किंवा भक्कम भिंत हवी, आणि छर्रा परत उसळणार नाही अशी पेटी. मोकळ्या शेतात छर्रा दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो. चष्मा नसेल तर सराव नाही, बघणाऱ्यालाही नाही. आणि रेंजला जाताना धाकटीलाही न्या. भावाच्या सरावाला बसून बसून कंटाळलेल्या बहिणी पुष्कळदा भावापेक्षा शांत हातानं मारतात. कोल्हापूरची नावं वर दिलीच आहेत.

राहता राहिले आजोबा, आणि तुमचा मुलगा. मुलाला काय हवंय हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. आजोबांना काय हवंय ते आहे, मेहुण्याला काय वाटतं ते आहे. त्याला विचारा, पण आजोबांच्या समोर नको; तिथं तो "हो" च म्हणेल. बेळगावला जाताना गाडीवर मागं बसलेला असताना विचारा. कदाचित त्याला जनावर मारायचंच नसेल, नुसता नेम लावायचा असेल. कदाचित उलट असेल, आणि शिकारीच्या गोष्टींनीच तो भारलेला असेल. मग कायदा त्याला तुम्ही सांगा, पोलिसांनी सांगण्याआधी. पुढच्या वर्षी शिमगा आणि दहावीची एसएसएलसी परीक्षा जवळजवळ एकाच सुमाराला येणार, हे कारण घरात पुढं करायला सोयीचं आहे. पण ते फक्त कारण म्हणून वापरू नका, नाहीतर परीक्षा संपताच विषय पुन्हा निघेल.

वडिलांशी मात्र सरळ बोला. "आता जमाना बदलला" असं म्हणू नका, म्हाताऱ्या माणसाला ते वाक्य फार लागतं. त्यांच्याकडं जे आहे ते बंदुकीपेक्षा मोठं आहे. ओल्या मातीत गव्याचा खूर आणि म्हशीचा खूर कसा वेगळा, डुकरांचा कळप रात्री किती वाजता आणि कुठल्या ओढ्यानं उतरला, वारा फिरला की जनावर कुठं थांबतं, हे तुमच्या गावात आता किती जणांना येतं? भरपाईच्या अर्जाला ठशाचे फोटो लागतात. ते काढायला नातवाला आजोबांबरोबर पहाटे बांधावर पाठवा, बंदूक न घेता. एकदा त्यांना रेंजवरही न्या. पोर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका उडवतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तर शेजारी उभं राहायची हौस तिथंही भागेल. नाही भागली तर नाही. शिमग्याला ते रुसतील, दोन दिवस जेवायला हाका माराव्या लागतील. त्या रुसव्यापायी चौदाच्या पोराच्या हातात बंदूक देऊन त्याला रानात उभं करायचं नाही, एवढं तुम्ही आणि वहिनींनी आधी आपसात पक्कं करा.

आणि ती डबल बारी. ती नातवाच्या हातात एका बारापुरतीही द्यायची नाही. लग्नात, वरातीत, शिमग्याला हवेत बार काढायला तर कुणीच नाही. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदानं काढलेल्या बारानं कुणाचा जीव धोक्यात आला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. वडील सत्तरीच्या पुढं आहेत, त्यामुळं त्यांच्या हयातीतच वारस म्हणून तुम्हाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो मिळेलच असं नाही, पण ठेवायची असेल तर रस्ता तोच आहे. ठेवायची नसेल तर परवानाधारक डीलरकडं किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा आणि पावती घ्या. बऱ्याच घरांत म्हातारा माणूस गेल्यावर बंदूक माळ्यावर तशीच राहते आणि निवडणुकीच्या वेळी ठाण्यातून जमा करायचा निरोप आला की धावपळ होते. तेव्हा रायफलच्या दुकानात जायच्या आधी कपाटातलं परवान्याचं पुस्तक काढा आणि मुदत कधी संपते ते बघा. संपलेली असेल तर उद्याच ठाण्यात जा, वडिलांना बरोबर घेऊन.